मसुराच्या शेताशेजारी दोन रात्री : व्हिक्टोरियातल्या विमेरात काढलेला शनिवार-रविवार

रानजाई

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं, मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सात वर्षांचा मुलगा, विमेरात, म्हणजे व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिमेकडच्या धान्याच्या पट्ट्यात, जाऊन आलो. महिना होत आला तरी ते दोन दिवस मनातून जात नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे. आपल्यापैकी जे मेलबर्नला आहेत त्यांनी हे वाचून गाडी काढावी एवढी इच्छा आहे.

निमित्त डाळीचं. लेक स्वयंपाकघरात मला मदत करत होती आणि मसूर डाळीच्या पुड्यावर तिला 'ऑस्ट्रेलियात पिकवलेली' असं लिहिलेलं दिसलं. "आई, ही इथेच पिकते तर आपण तिचं शेत का नाही पाहिलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझे वडील मंगळवेढ्याचे, ज्वारी-हरभऱ्याचे शेतकरी. माझं बालपण घाट्यांच्या आंबट वासात गेलं आणि माझ्या मुलांना डाळ दुकानात उगवते असं वाटत असेल तर तो दोष माझाच.

आम्ही शहराच्या पश्चिमेला राहतो. तिथून बॅलरॅट, अरारॅट, स्टॉवेल करत हॉर्शम साधारण ३०० किलोमीटर. बहुतेक जण स्टॉवेलच्या आसपास ग्रँपियन्सच्या डोंगरांकडे, म्हणजे गरिवर्डला वळतात. आम्हीही दोनदा वळलो होतो. या वेळी सरळ पुढे गेलो. डोंगर मागे पडले की जमीन एकदम सपाट होते, आपल्या भीमाकाठच्या माळासारखी, फक्त कितीतरी मोठी. दोन्ही बाजूंना कनोला (मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक) नुकताच पिवळा होऊ लागलेला, मधे गव्हाचे हिरवे पट्टे, कुंपणाला लागून फुललेली वॅटलची झाडं.

एका शेतकरी जोडप्याकडे राहायची सोय केली होती. दोघंही सत्तरीच्या पुढचे. फोनवर आजींनी एकच गोष्ट दोनदा सांगितली होती, "अंधार पडायच्या आत या, कांगारू रस्त्यावर असतात." म्हणून शुक्रवारी अर्धी रजा टाकून निघालो. पाच वाजता मुक्कामापासून सहा-सात किलोमीटरवर होतो. नकाशाने जवळचा कच्चा रस्ता दाखवला. वळणावर पाटी होती, 'फक्त कोरड्या हवामानासाठी'. आदल्या दिवशी पाऊस झालेला. पाटी आम्ही दोघांनी वाचली आणि तरीही वळलो.

चारशे मीटरही गेलो नसू. गाडी आधी डुलली, मग मागचा भाग आपणहून बाजूला सरकला आणि चाकं जागेवर फिरू लागली. मी खाली उतरले. बूट रुतला. उचलला तर त्याला तीन बोटं जाडीचा गोळा चिकटून आला, पुढच्या पावलाला आणखी थर. मी तो चिखल बोटांत घेऊन चोळला. चिकट, तुकतुकीत, नखाखाली लगेच काळपट रेघ. अगदी हीच माती! वैशाखात बोट जाईल एवढी भेगाळणारी आणि पावसात पाऊल सोडवून न घेणारी, आमच्या रानातली माती. रंग तेवढा जरा करडा. अनोळखी देशात चिखलात उभी राहून मला रडू येईल असं कधी वाटलं नव्हतं.

दहा मिनिटांत एक यूट (मागे उघडा हौदा असलेली गाडी) आला, मागे दोन केल्पी कुत्री. चाळिशीचा माणूस. त्याने आमच्याकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं, "कुणाकडे निघालात?" एवढं विचारलं आणि नाव ऐकून म्हणाला, "मी ट्रॅक्टर घेऊन येतो, गाडीत बसा, थंडी आहे." वीस मिनिटांत ट्रॅक्टर, साखळी आणि मुलांसाठी बिस्किटांचा डबा घेऊन परत आला. गाडी बाहेर निघाल्यावर नवऱ्याने पैशांचं विचारलं, तर त्याला काय उत्तर द्यावं तेच कळेना. आम्ही मुक्कामी पोचायच्या आधी आजींना बातमी कळलेली होती आणि बाथरूममध्ये बादलीभर गरम पाणी नि जुने टॉवेल तयार होते.

शनिवारी सकाळी मर्टोआला 'स्टिक शेड' पाहिलं. नाव साधं आहे, पण आत शिरल्यावर मुलंसुद्धा कुजबुजून बोलायला लागली. दुसऱ्या महायुद्धात जहाजं मिळेनाशी झाली, गहू परदेशी जाईना, ठेवायचा कुठे, म्हणून १९४१-४२ मध्ये चार-पाच महिन्यांत हे कोठार उभं केलं. लांबी पाव किलोमीटरहून जास्त, रुंदी ६० मीटर. लोखंड युद्धाला लागत होतं, म्हणून माउंटन ॲश या झाडाचे ५६० अख्खे खांब, न तासलेले, साल काढून जसेच्या तसे रोवलेले. छताचा उतार गव्हाच्या ढिगाला आपोआप येणाऱ्या उताराशी जुळवलेला. आपल्या खळ्यावर रास पडते तेव्हा ती जशी आपला कोन धरते ना, तसाच. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या रेघा खांबांवर पडतात. माहिती सांगणाऱ्या बाई स्वयंसेवक होत्या. शेड पडायला आलं होतं तेव्हा ते वाचवण्यासाठी गावातली माणसं किती वर्षं झगडली हे त्यांनी सांगितलं. २०१४ पासून ते राष्ट्रीय वारशाच्या यादीत आहे.

तिथून पंधरा-वीस मिनिटांवर रुपन्यप. तिथल्या पोलादी सायलोंवर, म्हणजे धान्य साठवायच्या टाक्यांवर, दोन तरुण चेहरे रंगवलेत, एक फुटबॉल खेळणारा मुलगा आणि एक नेटबॉल खेळणारी मुलगी, दोघंही क्लबच्या गणवेशात. रशियन चित्रकार युलिया वोल्चकोवा हिचं २०१७ चं काम. हे दोन खेळाडूच का, ते मला दुपारी कळलं.

दुपारी आजोबा-आजींबरोबर शेजारच्या गावाच्या मैदानावर गेलो. शनिवारी सगळं गाव तिथेच असतं. गाड्या मैदानाभोवती तोंड आत करून लावलेल्या, गोल झाला की भोंगे. एका बाजूला नेटबॉलचं कोर्ट. सकाळी लहान मुलांचे सामने, मग राखीव संघ, मग मोठे. कँटीनमध्ये आजी भोपळ्याचं सूप वाढत होत्या, कारण त्यांची पाळी होती. तक्ता भिंतीवर लावलेला: कोण सूपला, कोण फाटकावर तिकिटाला, कोण घड्याळ धरायला, कोण नंतर भांडी धुवायला. आम्हाला चिखलातून काढणारा माणूस पांढऱ्या कपड्यांत सीमारेषेवर पळत होता, बाउंड्री अंपायर म्हणून. एक मुलगा राखीव संघातून पूर्ण सामना खेळला आणि मोठ्या संघात माणूस कमी होता म्हणून तोंड पुसून परत मैदानात उतरला. आजोबा म्हणाले, "पंधरा-सोळा पोरं कमी पडली तर क्लब बंद, आणि क्लब बंद पडला तर शनिवारी भेटायचं कुठे?"

माझ्या लेकीला कुणीतरी विचारलं, "सँडविचं कापशील का?" ती दीड तास अंडं-लेट्यूसची सँडविचं कापत होती. घरी येताना तिने मला विचारलं की आपल्या भागात अशी पाळी कुठे लावून घेता येते.

रविवारी पहाटे आजोबांनी मला पावसाची वही दाखवली. त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. रोज सकाळी नऊ वाजता मापकातलं पाणी पाहायचं आणि लिहायचं. १९७४ पर्यंतच्या पानांवर 'पॉइंट', म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. त्या जानेवारीपासून मिलिमीटर, आणि त्या पानावर समासात वडिलांनी पेन्सिलीने केलेलं हिशेबाचं कोष्टक. वर्षाचा पाऊस साधारण ४०० मिलिमीटर. आमच्या मंगळवेढ्यालाही पाऊस बेताचाच, तेही शहाण्यासारखा पडला तर. आजोबांनी मला विचारलं, "तुमच्याकडे यंदा मान्सून कसा आहे?" मला वाटलं, गप्पांसाठी विचारतायत. नाही. इथला मसूर कुठल्या भावाने जाईल ते आपल्या पावसावर ठरतं, म्हणून ते जूनपासून रोज भारताच्या पावसाची बातमी पाहतात.

मसुराचं शेत घरामागेच होतं. रोपं वीतभरही नव्हती. गेल्या वर्षीच्या गव्हाच्या धसकटांच्या दोन ओळींच्या मधोमध एक ओळ मसुराची, सरळ आखल्यासारखी. माझ्या मुलाने एक पान तोडून खाल्लं. आजोबा हसले नाहीत, त्यांनीही एक खाल्लं.

ब्रिम गावचं चित्रं काढलेलं सायलो पाहायचं राहिलं. येताना हॅरोला गेलो, त्याबद्दल वेगळं लिहीन. कुणी या भागात राहत असेल तर जरूर लिहा. मला पाहुणी म्हणून जे दिसलं ते दोन दिवसांचं आहे.

---

पाणवठा

रानजाई, वाचता वाचता दोनदा थांबले. मी याच भागात, हॉर्शमच्या पुढच्या एका लहान गावात नर्स आहे. सहा वर्षं झाली. आम्ही मूळचे साताऱ्याचे.

तू लिहिलेली पाळी हीच इथल्या जगण्याची रीत. आमच्या गावात अग्निशमन दल म्हणजे सीएफए, सगळे स्वयंसेवक. माझा नवरा शाळेत गणित शिकवतो आणि पेजर वाजला की पिवळा कोट घालून पळतो. उन्हाळ्यात कापणीच्या दिवसांत हेडरच्या, म्हणजे कापणीच्या यंत्राच्या, गरम भागावर भुसा साचून ठिणगी पडते, म्हणून प्रत्येक शेताच्या कडेला पाण्याची टाकी नि पंप चढवलेला यूट उभा असतो. वारा आणि उष्णता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की कापणी थांबवतात. पीक उभं, ढग येतायत, तरी थांबवतात. डिसेंबर २०२४ मध्ये ग्रँपियन्समध्ये वणवा लागला, ७५ हजार हेक्टरच्या वर जंगल जळलं, तेव्हा नाताळात आमचं निम्मं गाव तिकडे पाळीवर होतं. मी रात्री दीड वाजता साठ जणांसाठी पोळ्यांचे रोल बांधले आहेत, भाजी बटाट्याची. दुसऱ्या दिवशी ट्रकवरून निरोप आला, "तेच परत मिळतील का?"

अवघड काय तेही सांगते. दातांच्या डॉक्टरसाठी तास-दीड तास. तज्ज्ञ डॉक्टर हवा तर बॅलरॅट नाहीतर मेलबर्न. बाळंतपणासाठी बायकांना आधीच जाऊन राहावं लागतं. प्रवासी रेल्वे रोजची अरारॅटपर्यंतच, पुढे बस. ॲडलेडला जाणारी ओव्हरलँड आठवड्यातून दोनदाच. बँकेची शाखा बंद झाली. मुलं बारावीनंतर जातात ती फारशी परतत नाहीत. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या घरी मी ड्रेसिंगला जाते तेव्हा पट्टी पाच मिनिटांची आणि चहा चाळीस मिनिटांचा. तो चहा माझ्या कामाचा भाग आहे असंच मी धरते.

आणि गाडी चालवताना समोरच्याला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करतात, ते पाहिलंस का?

---

रानजाई

पाहिलं! मुलाने ते पहिल्या अर्ध्या तासातच टिपलं. मागच्या सीटवरून तो प्रत्येक गाडीला बोट उचलत होता. मेलबर्नला परतल्यावर आमच्या रस्त्यावरही दोन दिवस उचललं. पोळ्यांच्या रोलचं वाचून पोटात कालवलं गं.

---

काळीमाती

मी हॉर्शमला धान्यपिकांवर काम करतो, मूळ परभणीचा, कृषी विद्यापीठात शिकलेलो. रानजाई, तुमच्या बोटांना जे कळलं ते शास्त्रानेही बरोबर आहे. विमेराची करडी भेगाळ जमीन आणि आपली काळी जमीन यांची घडण वेगळी, पण जात एकच. दोन्हींत फुगणारी-आकसणारी चिकणमाती. त्यामुळे दोन्हीकडे शेतीचं सगळं गणित एका शब्दावर उभं आहे: वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल. इंग्रजीत त्याला एवढा नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही. इथल्या शेतकऱ्यांना मी तो शिकवलाय, दोघं-तिघं वापरतात.

आपल्याकडे रब्बीचा हरभरा जसा पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर येतो, तसा इथला मसूर हिवाळ्याच्या पावसावर आणि जमिनीतल्या ओलीवर. ओलित नाही. पेरणी एप्रिलच्या शेवटापासून जूनपर्यंत. २५ एप्रिलचा अँझॅक दिवस हा जुना ठोकताळा, आणि त्या सुमाराला येणाऱ्या पहिल्या दमदार पावसाला 'ब्रेक' म्हणतात. 'ब्रेक झाला का?' हा प्रश्न इथे आपल्या 'मृग लागला का?' इतकाच कळकळीने विचारतात.

धसकटांच्या मधली ओळ तुम्ही पाहिलीत हे फार छान. नांगरट नाहीच. उपग्रहाच्या आधाराने ट्रॅक्टर दोन-तीन सेंटिमीटरच्या अचूकतेने चालतो आणि जुन्या दोन ओळींमध्ये पेरतो. धसकटं मसुराच्या लवचीक रोपाला टेकू देतात. पेरणीनंतर शेतावर जड रोलर फिरवतात, ढेकळं नि दगड दाबून जमीन सपाट करायला, कारण मसूर बुटका, शेंगा जमिनीलगत, आणि कापणी करणारं हेडर जवळपास माती चाटत चालतं. एक वर डोकावलेला दगड लाखो डॉलरच्या यंत्राची पाती मोडतो.

हजार-दोन हजार हेक्टर दोन माणसं करतात. त्यातला एक वडील, एक मुलगा. त्यामुळे आजोबांच्या वयाची माणसं अजूनही पेरणीच्या दिवसांत रात्री अकरापर्यंत ट्रॅक्टरवर असतात.

---

गोदाकाठ

ताई, सगळं वाचलं, मनापासून आवडलं. पण मी लातूर जिल्ह्यातला, आठ एकरांचा शेतकरी आहे, त्यामुळे माझं मन दोन ठिकाणी झालं. तिकडचा मसूर-हरभरा बोटीने आला की आमच्या मोंढ्यात भाव उतरतो. हमीभाव कागदावर राहतो आणि आम्ही पडत्या भावात माल घालतो, कारण घरात लग्न असतं नाहीतर पीककर्जाची तारीख. तुमचे आजोबा भले माणूस आहेत यात शंका नाही. पण ते आमचा पाऊस कमी पडायची वाट बघतात असं वाचलं तेव्हा जेवण थांबलं.

---

रानजाई

दादा, तुम्ही लिहिलंत हे चांगलं केलंत. हाच विचार माझ्याही मनात तिथे आला होता आणि मी त्यांना विचारलं होतं. ते गप्प बसले थोडा वेळ. मग म्हणाले, की दुष्काळ त्यांनीही पाहिलाय, आणि २००२ च्या वहीचं पान उलटून दाखवलं, महिनेच्या महिने रिकामे रकाने. "दुसऱ्याचा पाऊस कमी पडावा असं मी मागत नाही. मी फक्त पाहतो." मी हे त्यांची बाजू घेऊन सांगत नाही. माझे वडील तुमच्याच जागी आहेत. डाळीचा भाव पडला की त्यांचा फोनवरचा आवाज मला 'हॅलो'तच कळतो.

---

काळीमाती

गोदाकाठ, तुमचं दुखणं खरं आहे. दुसऱ्या बाजूचं एवढंच सांगतो: डिसेंबर २०१७ मध्ये भारताने चणा आणि मसूर यांवर ३० टक्के आयात शुल्क लावलं, ते इथे कापणी चालू असताना. पेरणी आदल्या मे महिन्याच्या भावावर झालेली. माझ्या ओळखीच्या एका घराने त्या वर्षीचा सगळा माल साठवून ठेवला, दोन वर्षं. म्हणजे लातूरच्या मोंढ्यातला माणूस आणि विमेराच्या सायलोजवळचा माणूस, दोघांनाही भाव कळतो तो पेरून झाल्यावर. आठ एकर आणि दोन हजार हेक्टर यांची बरोबरी मी करत नाही. तुमच्याकडे दोन वर्षं थांबायची सोय नाही, हा फरकच सगळ्यात मोठा आहे.

---

गोदाकाठ

हे शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं. त्या धसकटातल्या पेरणीबद्दल अजून सांगा. सोयाबीनच्या काडात हरभरा पेरायचा मी दोन वर्षं विचार करतोय.

---

काळीमाती

जरूर. पहिल्या वर्षी एकाच एकरावर करा, आणि काड पसरून ठेवा, ओळीत ढीग नको, नाहीतर फण तुंबतो. वेगळा धागा काढतो, तिथे फोटोही टाकतो.

---

नवीवाट

मी पुण्यात यंत्र अभियंता, ४९१ व्हिसावर यायचा विचार चाललाय. म्हणजे काही वर्षं शहराबाहेरच्या भागात राहावं लागेल. घरचे म्हणतात, तीन वर्षं कशीबशी काढ आणि मग मेलबर्न गाठ. पाणवठा ताई, खरं सांगा, बायको आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन तिथे राहता येतं का?

---

पाणवठा

'कशीबशी काढायची' म्हणून येणार असलात तर त्रास होईल, तुम्हालाही आणि गावालाही. राहायचं म्हणून आलात तर होतं.

व्यवहाराचं सांगते. भाड्याचं घर मिळणं हीच पहिली अडचण, नोकरीपेक्षा मोठी. घर आधी पक्कं करा. दोन गाड्या लागतील. पाळणाघराला प्रतीक्षा यादी असते, येण्याआधीच नाव घाला. कणीक नि मसाले आम्ही महिन्यातून एकदा बॅलरॅट नाहीतर मेलबर्नहून आणतो. कढीपत्ता मी कुंडीत लावलाय, थंडीत रात्री घरात घ्यावा लागतो, गोठण पडतं.

तुमच्या पत्नीने पहिल्या महिन्यात कुठेतरी एक काम अंगावर घ्यावं. वाचनालय, खेळगट, सीडब्ल्यूए म्हणजे ग्रामीण महिलांची संघटना, काहीही. मी पहिलं वर्ष वाट पाहिली की कुणी बोलवेल. इथे बोलवत नाहीत, तुम्ही येऊन उभं राहायचं असतं. मी एका प्रदर्शनाच्या दिवशी कँटीनमध्ये जाऊन "काय करू?" विचारलं, आणि त्या दिवसापासून मला बाजारात नावाने हाक मारतात.

आमच्यापासून जवळच नहिल म्हणून गाव आहे. लोक कमी होत चालले होते, बदकाचं मांस तयार करणाऱ्या कारखान्याला माणसं मिळेनात. तिथे २०१० च्या सुमारापासून म्यानमारमधली करेन निर्वासित कुटुंबं येऊन वसली. आज त्या गावात करेन लोकांशिवाय शाळा किंवा दुकान कल्पनेतही येत नाही. नवीन माणसाला या भागात जागा आहे, रिकामी खुर्ची असावी तशी आहे.

---

मधलीफळी

रानजाई, हॅरोबद्दल लिहिणार होतात! माझ्यासाठी तोच भाग मुख्य आहे.

---

रानजाई

लिहिते. हॅरो हे हॉर्शमच्या नैर्ऋत्येला तासाभरावरचं टुमदार खेडं. तिथल्या स्मशानभूमीत जॉनी मुलाघ यांची समाधी आहे. मूळ नाव उनारिमिन, जार्डवाजाली या इथल्या आदिवासी समाजातले. मेंढपाळांच्या कुरणांवर काम करता करता क्रिकेट शिकले आणि १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या आदिवासी संघाचे सर्वांत मोठे खेळाडू ठरले. ऑस्ट्रेलियातून परदेश दौऱ्यावर गेलेला तो पहिला क्रिकेट संघ. ४७ सामने. मुलाघ यांच्या १६९८ धावा आणि २४५ बळी. संघातला एक खेळाडू तिकडेच आजारपणाने गेला. परत आल्यावर या माणसांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. मुलाघ हॅरोला खेळत राहिले आणि १८९१ मध्ये वारले.

तिथल्या संग्रहालयात मुलाने विचारलं, "एवढे मोठे होते तर आम्हाला शाळेत का नाही सांगितलं?" मी त्याला म्हटलं, तूच आता वर्गात सांग. त्याने सांगितलं. बाईंनी त्याला फळ्यावर नाव लिहायला लावलं: उनारिमिन.

---

मधलीफळी

आणि यात आपला धागा आहे तो सांगायचा राहिला. २०२० पासून मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीतल्या सर्वोत्तम खेळाडूला मुलाघ पदक देतात. त्याचा आकार १८६८ च्या संघाच्या पट्ट्याच्या बक्कलवरून घेतलेला. पहिलं पदक कुणाला मिळालं? आपल्या अजिंक्य रहाणेला. ॲडलेडला ३६ धावांत सगळा संघ गारद झालेला, कर्णधार मायदेशी परतलेला, आणि या माणसाने पुढच्याच सामन्यात ११२ धावा करून सामना जिंकून दिला. मी त्या दिवशी पहाटे पाचला डोंबिवलीत उठून टीव्हीसमोर बसलो होतो. पदक गळ्यात पडलं तेव्हा समालोचक मुलाघ हे नाव घेत होते आणि मी पहिल्यांदा ऐकत होतो. आता हॅरोला जायचंच. ब्रिम आणि शीप हिल्सची सायलो त्याच फेरीत होतील का?

---

पाणवठा

त्याच दिवशी नाही, हॅरो दक्षिणेला आणि ती दोन्ही उत्तरेला. पण दुसरा दिवस त्यांना द्याच. ब्रिमची चित्रं गिडो व्हॅन हेल्टन यांनी जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण केली, सायलो-चित्रांची ही वाट तिथूनच सुरू झाली. चार शेतकरी, नावं नाहीत. शीप हिल्सला रात्रीच्या आभाळाखाली आदिवासी समाजातले दोन ज्येष्ठ आणि दोन मुलं. ते संध्याकाळी पाहा, चित्रातलं आभाळ आणि वरचं आभाळ एका रंगाचं होतं तेव्हा. मात्र अंधार पडल्यावर ८० च्या वर गाडी नको. कांगारू एकटा नसतो, एक गेला की मागून दुसरा येतो.

---

रानजाई

सगळ्यांचे आभार. एक बातमी द्यायची होती. काल आजोबांचा संदेश आला: 'शनिवारी रात्री १४ मिलिमीटर, मसूर फुलावर.' मी तो बाबांना वाचून दाखवला. ते नोव्हेंबरात आमच्याकडे येतायत, पहिल्यांदाच. त्यांचे तीन प्रश्न आहेत, काळीमाती, तुम्हीच उत्तर द्या: नांगरत नाहीत तर तण कसं मारतात? धसकट ठेवल्यावर उंदीर होत नाहीत का? आणि कापणीच्या वेळी शेतात पाय ठेवू देतील का?

---

काळीमाती

तण मुख्यतः तणनाशकाने, आणि त्याचा त्रासही आता दिसतोय. रायगवतावर औषधं चालेनाशी झालीत, त्यामुळे कापणीच्या वेळी तणाचं बी गोळा करून भरडणारी यंत्रं आली आहेत. बाबांना ते दाखवतो. उंदीर होतात, काही वर्षी फार होतात. २०२१ मध्ये न्यू साऊथ वेल्समध्ये तर घराघरात शिरले होते.

आणि हो, शेतात नेतो. हेडरच्या केबिनमध्ये शेजारी बसायला एक जागा असते, ती बाबांची. फक्त मंगळवेढ्याहून येताना रानातले जोडे आणू नका. आणायचेच असतील तर घासून, धुऊन, कोरडे करून आणा आणि विमानतळावर अर्जात लिहा. मातीचा एक कण चालत नाही. इथे नवे बूट मी देतो. माप कळवा.

---

रानजाई

आठ नंबर. विचारून सांगते म्हटलं तर बाबांनी फोनवर लगेच पाय मोजायला घेतला.